ऑपरेशनला पैसे मिळतात, इंजेक्शनला नाही

मा. संपादक,

पोराचा आवाज महिनोन्महिने बसलेला असला की आपल्याकडे आधी सर्दी, मग ॲलर्जी, मग दम्याचा पंप, हा क्रम ठरलेलाच. माझ्या पुतण्याचंही तेच झालं. वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणाला तरी टीचरला ऐकू जायचं नाही म्हणून तो नुसता हात वर करायचा. शेवटी इथल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर स्वरयंत्रावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी. पॅपिलोमा म्हणतात त्याला. एचपीव्ही व्हायरसच्या ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे होतो, लहान मुलांना बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून येतो (यात आईचा काही दोष नाही, हे घरातल्या मोठ्यांना पटवताना नाकी नऊ आले).

कॅन्सर नाही, पण गाठी काढल्या तरी व्हायरस आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागात तसाच राहतो, म्हणून त्या परत येतात आणि श्वास अडायला लागला की परत भूल, परत लेझर नाहीतर मायक्रोडिब्रायडर (गाठी कापून ओढून घेणारं छोटं यंत्र). बरं, प्रत्येक वेळी स्वरतंतूंवर व्रण राहायची भीती, म्हणजे गाठी गेल्या तरी आवाज घोगराच.

अशा वेळी ऑपरेशनच्या जोडीला बेव्हासिझुमॅब नावाचं इंजेक्शन देतात, गाठीच्या जागी टोचून किंवा आजार जास्त पसरला असेल तर सलाईनमधून. गाठींना रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या ते वाढू देत नाही. आजार मुळातून जात नाही, औषध थांबवलं की गाठी परत येऊ शकतात, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहावं लागतं, हे सगळं मान्य. पण दोन ऑपरेशनमधलं अंतर वाढलं तरी पोराला केवढा आराम!

आता गंमत बघा. हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं ते आतड्याच्या कॅन्सरसाठी, पॅपिलोमासाठी त्याला मंजुरी नाही, डॉक्टर अनुभवावर देतात. त्यामुळे आमच्या मेडिक्लेमवाल्यांचं उत्तर आलं की औषध कॅन्सरचं आहे आणि पेशंटला कॅन्सर नाही, सबब क्लेम नामंजूर. ऑपरेशनचे पैसे मात्र दर वेळी बिनबोभाट पास, आणि ज्यानं ऑपरेशनं कमी होतील त्याला नकार, हा कुठला हिशोब?

अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये खास याच आजारासाठी पॅपझिमिऑस नावाचं इंजेक्शन मंजूर झालंय, पण तेही फक्त मोठ्या माणसांसाठी, आमच्या पोराला काय उपयोग. आणि ६ व ११ नंबर अडवणारी लस तर शेजारी पुण्यातच सिरम बनवते, सर्व्हाव्हॅक, तिची चौकशी मुलींच्या आईबापांनी तरी जरूर करावी.

माझं म्हणणं एवढंच की विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनीही तज्ज्ञ डॉक्टरांनी कारण देऊन लिहिलेलं हे इंजेक्शन ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच धरावं, आणि नकार द्यायचाच असेल तर आधी फाइल कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावी, नुसतं औषधाचं नाव बघून शिक्का मारू नये.

– एक काका, सिडको, नाशिक