जुनी हीटर मोटर भंगारात घालू नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत हीटरचा पंखा चालू असावाच लागतो. तो बंद पडला की बरेच जण थेट मोटर बदलतात. आधी फ्यूज पाहावा, मग मोटरच्या वायरपर्यंत १२ व्होल्ट येतात का ते. अर्थचा, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या तारेचा, गंजलेला जोड साफ करूनही काम भागते.

मोटर काढायचीच तर बॅटरीची तार सोडून बॉनेटखालचे तीन स्क्रू काढावेत. पंख्यासकट मोटर बाहेर येते, हीटरची अख्खी पेटी उतरवावी लागत नाही. पंखा उपसण्याआधी शाफ्टवर त्याची जागा खुणावून ठेवा. थोडा जरी आत बसला तरी तो पेटीला घासतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. कायम चुंबकाची नवी मोटर त्यात उलट जोडली गेली तर पंखा उलटा फिरतो आणि हवा नावापुरती येते.

जुन्या मोटरीत सहसा कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेले किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) कोरडे असतात. बुशात ग्रीस नको, पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब पुरेत. बुश सैल झाला असेल तर उद्यमनगरातल्या टर्नरकडून ब्राँझचा करून घ्यावा.

– एक वाचक, कोल्हापूर