आय७ च्या स्टिकरवर जाऊ नको बे

नागपूर

प्रिय पम्या,

तू घ्यायचा म्हणतो त्या जुन्या कम्प्युटरचे फोटो पाहिले. फोनवर तू मधातच बोलून राहतो म्हणून लिहूनच पाठवतो, निवांत वाच.

तो चौथ्या जनरेशनचा आय७ (इंटेलचा प्रोसेसर) सोड बे. स्टिकर भारी दिसते, पण ती जनरेशन २०१३ ची, आणि त्या डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बोर्डावर एनव्हीएमई (सगळ्यात फास्ट प्रकारची एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क) बसवायला एम.२ नावाचा स्लॉटच नाही. तुझं काम लग्नाच्या अल्बमचं, फोटोशॉपच्या चार मोठ्या फाइली (पीएसडी) उघडल्या की रॅम संपते, फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेवर उतरते, आणि तिथं हार्डडिस्क असली तर मग बस पाहत.

म्हणून आधी बोर्ड पाहायचा, प्रोसेसर नंतर. सीताबर्डीच्या बाजारात सध्या ऑफिसातून निघालेले सहाव्या-सातव्या जनरेशनचे डबे दिसून राहिलेत, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्यापासूनच चालते. विंडोजऐवजी लिनक्स चालवणाऱ्याले काही फरक पडत नाही पण तुले फोटोशॉप पाहिजे, म्हणून थोडे पैसे वाढव आणि आठव्याचाच घे, आय५-८५०० वाला, सहा कोर आहेत, काम मस्त होते. रॅम १६ जीबी तरी पाहिजे, आणि ८-८ च्या दोन स्टिक लाव, एकच १६ ची नको.

आता स्पीडचं खरं सांगतो. हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास, साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी) साडेपाचशे, आणि बोर्डाच्या पीसीआयई ३.० जोडणीच्या चार लेनवरची एनव्हीएमई तीन-साडेतीन हजार. पण विंडोज चालू व्हायला साटा आणि एनव्हीएमईत तुले फारसा फरक जाणवणार नाही, खरी उडी हार्डडिस्कवरून एसएसडीवर येतानाच असते. एनव्हीएमईचा फायदा स्क्रॅचमध्ये आणि मोठ्या फाइली इकडून तिकडं करताना, म्हणजे तुझ्याच धंद्यात.

एसएसडी मात्र नवीनच घे, बाकी सगळं जुनं चालते. टीएलसीवाली पाहा, म्हणजे चिपच्या एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी. क्यूएलसी (सेलमध्ये चार बिट) स्वस्त असते पण कॅश, म्हणजे आतली तात्पुरती फास्ट जागा, भरली की लिहायचा स्पीड असा पडतो की कधीकधी हार्डडिस्कच्याही खाली जातो, आणि तू तर एका बैठकीत अख्ख्या लग्नाची कॅमेऱ्याची मेमरी कार्डं खाली करतो. आणखी एक, एम.२ मध्ये साटावाल्याही येतात, दिसायला तशाच, त्याले सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईले बहुतेक एकच. दुकानात डबीवर एनव्हीएमई लिहिलं आहे का ते वाचूनच पैसे दे.

आय७ चा ॲडव्हान्स देऊन बसला असशील तर मार्ग आहे, रडू नको. विंडोज साटा एसएसडीवर टाक, ग्राफिक्स कार्डाच्या मोठ्या स्लॉटमध्ये ॲडाप्टर लावून एनव्हीएमई बसव आणि ती फक्त स्क्रॅचले ठेव. तिच्यावरून बूट करायच्या भानगडीत पडू नको, त्या बोर्डाच्या बायोसले (मशीन चालू करणाऱ्या प्रोग्रामले) ते जमत नाही, आणि क्लोव्हर नावाच्या वेगळ्या बूट प्रोग्रामचा जुगाड होतो पण धंद्याच्या मशीनवर मी तरी करणार नाही.

घेताना मशीन दुकानातच चालू करून अर्धा तास ठेव, फॅनचा आवाज ऐक, बोर्डवरचे कपॅसिटर फुगले का पाहा. जुनी हार्डडिस्क सोबत देऊन राहिला तर क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रामात ती किती तास चालली ते पाहा आणि फक्त बॅकअपले ठेव. ह्या ऑफिसवाल्या डब्यांचा पॉवर सप्लाय बहुतेक कंपनीचाच असते, बाजारातला २४ पिनचा सरळ बसत नाही, म्हणून तोही चालू आहे याची खात्री करूनच उचल.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवीन लाव, एनव्हीएमईवर छोटा हीटसिंक (उष्णता ओढणारी पट्टी) चिकटव, गरम झाली की ती आपोआप स्लो होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ले टेकते, हे तुले काय सांगू. आणि कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नको, सगळी ओल आत जाते.

शनिवारी येत असशील तर कळव, सोबत जाऊ, मी भाव करून देतो. काकूले नमस्कार सांग.

तुझा,
गुड्डू