१४ नंबरला का विकायचं नाही

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तुमचा हा बर्फावरच्या हॉकीचा संघ, फ्लायर्स, सगळं नव्यानं उभारायला निघालाय, मग त्यात तिशी ओलांडलेला, पाठीची दोन ऑपरेशनं झालेला कर्णधार, १४ नंबरचा शॉन कुटुरिए, हवाच कशाला? गोलही तो फारसे करत नाही. विकून टाकावा आणि त्याच्या बदल्यात दोन तरुण पोरं घ्यावीत. तेव्हा मी घाईत काहीतरी उत्तर दिलं, पण हा विषय घाईचा नाही. फिलाडेल्फियात आल्यापासून या खेळातल्या ज्या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव जडलाय ती नेमकी अशा माणसाचं खेळणं हीच, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

आधी तो उभा कुठे असतो ते सांगते. आपल्या मैदानावरच्या हॉकीतला सेंटर हाफ मी तुम्हाला काय सांगणार! १९७५ चा विश्वचषक आपण जिंकला तेव्हा कर्णधार अजितपाल सिंग त्याच जागी खेळत होते. चेंडू त्यांच्याकडूनच पुढे जायचा आणि हल्ला फसला की अडवायलाही तेच. बर्फावरच्या सेंटरचं काम साधारण त्याच्या जवळ जातं, फक्त इथे सगळं फार वेगानं घडतं. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. गोलरक्षक सोडला तर एका बाजूचे पाचच जण: दोन बचावपटू, दोन विंगर आणि सेंटर. पक, म्हणजे इथे चेंडूऐवजी असते ती रबराची चकती, आपल्या बाजूला आला की विंगर वरच्या अंगाला, निळ्या रेषेजवळ थांबतात. सेंटरला मात्र थेट आपल्या गोलपर्यंत खाली यावं लागतं, कोपऱ्यात, काठ्यांच्या गर्दीत, बचावपटूंच्या मदतीला. पक हाती लागला की बचावपटूला जवळचा, सोपा पास देता येईल अशा जागी तोच वळून येतो. मग तीच स्वारी समोरच्या गोलपर्यंत. एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट (याला शिफ्ट म्हणतात), मग बाकावर, आणि थोड्या वेळानं पुन्हा आत.

हे दोन्हीकडचं काम मनापासून करणाऱ्याला इथे टू-वे सेंटर म्हणतात. बचावात सगळ्यात सरस ठरणाऱ्या फॉरवर्डला, म्हणजे सेंटरला किंवा विंगरला, एनएचएल ही इथली व्यावसायिक लीग १९७८ पासून सेल्की ट्रॉफी देते. बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जेरॉननं ती ६ वेळा जिंकली, इतकी दुसऱ्या कुणीच जिंकलेली नाही. आमच्या फ्लायर्समध्ये १९८३ साली बॉबी क्लार्कला मिळाली, १९८७ मध्ये डेव्ह पूलिनला आणि २०२० मध्ये आमच्या १४ नंबरला, म्हणजे शॉन कुटुरिएला. क्लार्क लहानपणापासून मधुमेही. त्याच्या नेतृत्वाखाली फ्लायर्सनं १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. दुसरा कप आला तो आपल्या विश्वचषकाच्याच वर्षी, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. संघ नव्यानं उभारायचा म्हणजे काय करतात? महागडे, वयस्क खेळाडू विकायचे, बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे दर वर्षी संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातले, हक्क घ्यायचे, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं निवडायची आणि त्यांच्या मोठं होण्याची वाट बघायची. हरणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये वरचा क्रम मिळायची शक्यता जास्त, त्यामुळे काही वर्षं हरण्यातही हिशोब असतो. कागदावर तुमचंच म्हणणं बरोबर आहे. मार्च २०२५ मध्ये फ्लायर्सनं स्कॉट लॉटनला टोरांटोकडे पाठवलं आणि २०२७ चा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. तोही कष्टाळू, बचावाचं काम करणारा. मला वाईट वाटलं, पण तो सौदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की असा एक माणूस तरी संघात उरला पाहिजे.

कारण ही कोवळी पोरं खेळणार कुणाविरुद्ध? समोरचा संघ काही त्यांची दया म्हणून आपली दुसरी फळी (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड म्हणजे एक फळी) पाठवत नाही. यजमान संघाला खेळाडू बदलायची शेवटची संधी असते, म्हणजे समोरून कोण उतरलंय ते बघून प्रशिक्षक आपला माणूस पाठवू शकतो. अनुभवी टू-वे सेंटरचा सगळ्यात मोठा उपयोग इथे होतो. त्यांची सगळ्यात घातक फळी उतरली की हा उतरतो. आपल्या गोलजवळ फेसऑफ पडला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू व्हायचा असला, हा. एक गोलची आघाडी आणि शेवटचं मिनिट उरलं, हा. आपला एक खेळाडू शिक्षेवर बाहेर बसलाय आणि चौघांनी पाच जणांना थोपवायचंय, तेव्हाही पुन्हा हाच. अवघड मिनिटं तो स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलाला सोपी मिनिटं मिळतात: समोरच्या गोलजवळचे फेसऑफ, त्यांच्या तिसऱ्या फळीविरुद्धच्या शिफ्ट. त्या मुलाला चुका करायची मुभा मिळते, आणि दर चुकीला गोल बसत नाही.

बाबा, फेसऑफ तुम्ही नीट बघा. दोन सेंटर समोरासमोर वाकतात आणि पंच मधे पक टाकतो. २०१५ पासून नियम असा आहे की गोलच्या बाजूच्या फेसऑफमध्ये बचाव करणाऱ्यानं काठी आधी टेकवायची. म्हणजे हल्ला करणाऱ्याला क्षणभराचा फायदा. त्यात संघानं आयसिंग केलं असेल, म्हणजे दमून पक नुसता लांब मारून दिला असेल, तर त्यांना खेळाडू बदलताही येत नाहीत. दमलेले पाच जण, आपल्याच गोलसमोर, काठी आधी टेकवलेली. अशा वेळी तिथे वाकलेला सेंटर कोण आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. समोरच्याचा हात काठीवर कसा बसलाय, पंच पक कसा टाकतो, हे वर्षानुवर्षं बघितलेला माणूस हवा. तो कधी पक जिंकतो, कधी नुसता अडवून धरतो आणि आपल्या विंगरला पोचायला वेळ मिळवून देतो. आकडेवारीत दुसरी गोष्ट बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही.

असा माणूस नसला तर काय होतं? बफेलो या संघाची गोष्ट सांगते. त्यांच्याकडे रायन ओ'रायली नावाचा उत्तम टू-वे सेंटर होता. सतत हरून हरून तो इतका खचला की २०१८ च्या हंगामाअखेरीस, आपलं या खेळावरचं प्रेम अनेकदा हरवलं होतं असं तो उघडपणे बोलला. त्या जुलैत बफेलोनं त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सेंट लुइसनं इतिहासातला पहिला कप जिंकला. ओ'रायलीला प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधल्या, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आणि सेल्कीही. इकडे बफेलोनं त्याच्या जागेचं बरंच ओझं केसी मिटलस्टॅट या कोवळ्या सेंटरवर टाकलं. हुशार मुलगा, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये आठवा निवडलेला. त्याला ते पेललं नाही आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याला खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. पुढे तो सावरला, चांगलाही खेळला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. तुमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. त्या सौद्यात आलेल्या टेज थॉम्पसननं २०२२-२३ च्या हंगामात ४७ गोल केले. म्हणजे विकून काहीच हाती लागलं नाही असं नाही. तरीसुद्धा २०११ नंतर २०२५ पर्यंत बफेलो एकदाही प्लेऑफमध्ये पोचला नाही.

याउलट लॉस एंजेलिस. २०१२ आणि २०१४ चे कप जिंकलेला संघ म्हातारा झाला आणि २०१९ पासून सलग तीन हंगाम प्लेऑफबाहेर राहिला. बरेच जुने खेळाडू गेले, पण कर्णधार आन्झे कोपितारला त्यांनी सोडलं नाही, आणि तोही सोडून गेला नाही. २०२० मध्ये ड्राफ्टमध्ये दुसरा निवडलेला क्विंटन बायफील्ड त्याच्या सावलीत हळूहळू तयार झाला. काही काळ तर त्याच्याच फळीत विंगर म्हणून खेळला. २०२२ मध्ये संघ प्लेऑफमध्ये परतला. तिथून पुढची चार वर्षं दर वेळी पहिल्याच फेरीत एडमंटनकडून हरला, हेही खरं आहे. कोपितार होता म्हणून सगळं साधलं असा माझा दावा नाही. आई, त्याच्याबद्दल तुला आवडेल अशी एक गोष्ट आहे. तो स्लोव्हेनियाचा. एवढासा देश, पण २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते त्याचे वडील, मात्याझ कोपितार.

आणि आता आमचा १४ नंबर. २०१२ च्या प्लेऑफमध्ये पिट्सबर्गविरुद्ध फ्लायर्सनं या १९ वर्षांच्या पोराला एवगेनी माल्किनसमोर उभं केलं. त्या हंगामात सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) माल्किनचे होते. पोरानं त्याला रोखायला जीव तोडून मेहनत केलीच, वर दुसऱ्या सामन्यात हॅटट्रिकही केली. फ्लायर्सनं ती मालिका ४-२ अशी जिंकली. सगळं गाव त्याच्यावर खूश झालं. पण तिथून पुढे कितीतरी वर्षं त्याला तेच काम दिलं गेलं: समोरच्या सगळ्यात धोकादायक माणसाला अडव. पहिल्या सहा हंगामांत एकदाही त्याचे ४० गुण झाले नाहीत. लोक म्हणू लागले, याच्यात हल्ला करायची धमकच नाही. मग २०१७-१८ मध्ये त्याला क्लॉड जिरूबरोबर पहिल्या फळीत घेतलं आणि त्यानं ३१ गोल, ७६ गुण केले. पुढच्या वर्षी पुन्हा ७६. हे सगळं त्याच्यात आधीपासून होतं असं मला ठाम वाटतं. बाहेर यायला वाव नव्हता, कारण त्याच्या वाट्याची अवघड मिनिटं उचलणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं.

म्हणूनच तो आज जे करतो ते मला इतकं मोलाचं वाटतं. २०२४ मध्ये रशियाहून मात्वे मिच्कोव आला. विंगर आहे, विलक्षण हात आहेत त्याचे, आणि बचावात तेव्हा अगदीच कच्चा. पहिल्याच हंगामात त्यानं २६ गोल केले, त्या वर्षीच्या नवख्यांमध्ये सर्वाधिक. त्यातला बराच वेळ तो कुटुरिएच्या शेजारी खेळला. मिच्कोव पुढे धावून गेला की मागे राहिलेली मोकळी जागा भरायला कुटुरिए आधीच वळलेला असायचा. मी स्टेडियममध्ये वरच्या रांगेत बसले की हे स्पष्ट दिसतं. टीव्हीवर कॅमेरा पकच्या मागे जातो, त्यामुळे तुम्हाला तो दिसत नाही आणि मग वाटतं की हा करतो काय.

आई, त्याच्या पाठीबद्दल तू काळजीनं विचारलं होतंस. २०२२ मध्ये दोन शस्त्रक्रिया झाल्या, फेब्रुवारीत आणि मग ऑक्टोबरमध्ये. डिसेंबर २०२१ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत तो एकही सामना खेळला नाही. परत आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला कर्णधार केलं. त्यानंतर साधारण महिन्याभरात तेव्हाचा प्रशिक्षक जॉन टॉर्टरेलानं त्याला, तो धडधाकट असताना, सामन्याबाहेर बसवलं. कर्णधाराला! त्याला ते लागलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. पण कर्णधारपद टाकलं नाही, की मला दुसरीकडे पाठवा असा धोशाही लावला नाही; संघात परत आला आणि तीच अवघड मिनिटं पुन्हा खेळू लागला. ड्रेसिंग रूममधल्या विशीतल्या पोरांनी हे सगळं जवळून पाहिलं. कुठल्या ड्राफ्टच्या हक्कानं तुम्ही हे विकत घेणार, बाबा?

तुमची एक शंका मात्र मला खोडता येत नाही. त्याचा करार ८ वर्षांचा, ६ कोटी २० लाख डॉलरचा, २०३० पर्यंत. इथे प्रत्येक संघाच्या पगारावर वरची मर्यादा असते, त्यामुळे त्याला जाणारे दर वर्षी साडेसत्त्याहत्तर लाख डॉलर दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. पोरं मोठी होतील आणि आपापला भारी पगार मागतील, तेव्हा हा पैसा टोचणार. त्याचे पायही आता पूर्वीसारखे चालत नाहीत. वेगवान फळीसमोर मधे तो कधीकधी मागे पडतो, ते मला दिसतं आणि जिवाला लागतं. म्हणून मला वाटतं, त्याची मिनिटं हळूहळू कमी करावीत. पहिल्या फळीवरून तिसरीवर आणावं, पण आपल्या गोलजवळचे फेसऑफ आणि शिक्षेच्या वेळचा बचाव त्याच्याकडेच ठेवावा. आणि ज्या दिवशी ही कामं एखादा पंचविशीतला सेंटर त्याच्याइतकी चोख करू लागेल, त्या दिवशी मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

पुढचा सामना इथल्या संध्याकाळी ७ ला आहे, तुमच्याकडे पहाटे साडेपाच. आई, तू उठू नकोस, झोप मोडली की तुझं डोकं दुखतं. बाबा, तुम्ही तसेही उठलेले असता. स्कोअर बघू नका. पक फ्लायर्सच्या गोलजवळ असताना १४ नंबर कुठे उभा आहे आणि त्याची काठी कुठल्या पासच्या वाटेत आडवी आहे, तेवढंच बघा, आणि मग तुमचं मत लिहा. पटलं नाही तर तसंही लिहा, पण कुणाच्या बदल्यात विकायचा त्याचं नाव घालून लिहा.

तब्येतीला जपा दोघंही.

तुमची,
मुक्ता