कोठीवरचा टेपरेकॉर्डर

डेटमोल्ड, जर्मनी
१८ जानेवारी

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

सोनूने पाठवलेलं तुमच्या तबल्याचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. त्याखालचा तुमचा निरोपही वाचला : ‘चाळीस हजारांचा माइक घ्यावा म्हणतो, तुझं मत कळव.’ मत फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि मनात असतं तेच करता. म्हणून पत्र. आईने मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे मधलं काही गाळलं जाणार नाही.

मत एवढंच, की आत्ता माइक घेऊ नका. आधी बसायची जागा बदला.

सोनूने फोन डग्ग्याजवळ सतरंजीवर ठेवला होता ना? ऐकूनच कळतं. डग्गा नुसता गडगडतोय, काठावरच्या चाटेचा ‘ना’ पत्र्यावर खडा मारावा तसा लागतोय आणि मधल्या काळ्या शाईभोवतीच्या लवेवरचा ‘तीं’, ज्यासाठी तुम्ही अर्धा तास हातोडी घेऊन बसता, तो कुठे गेला कोण जाणे. दोष तुमच्या हाताचा नाही आणि फोनचाही फारसा नाही. तुम्ही बसता देवघराच्या कोपऱ्यात, पाठ दोन भिंतींच्या सांध्याला. खर्जाचा आवाज कोपऱ्यात जमा होतो. आपली ती खोली साधारण ११ फूट लांब आहे. एवढ्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या पटीतले सूर खोली स्वतःच फुगवते, आणि त्यांचा जोर कोपऱ्यात सगळ्यात जास्त. म्हणजे तुमच्याबरोबर खोलीही डग्गा वाजवतेय, तेही बेतालच. त्यात खाली टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवून बघा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू आलं, तर तेच शेपूट तुमच्या प्रत्येक बोलाला चिकटतंय असं समजा.

आता तुमची ती कॅसेट आठवा. वाड्यातली, गुरुपौर्णिमेची. तुम्ही नेहमी म्हणता ना, ‘त्या कॅसेटमध्ये तबला बोलतो, हल्लीच्या मशीनला ती सर नाही.’ अण्णा, तो टेपरेकॉर्डर अगदी साधा होता, माइक त्याच्या पोटातच बसवलेला. पण आईने तो धान्याच्या कोठीवर ठेवला होता, कारण प्लग तिथेच होता! कोठी तुमच्यापासून सहा-सात फुटांवर. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि फळ्या, खाली जाजम आणि त्यावर वीस-पंचवीस माणसं खेटून बसलेली. माणसासारखा आवाज पिणारा पडदा दुसरा नाही. आईने न कळत जी जागा निवडली, ती शोधायला आम्ही इथे अर्धा अर्धा दिवस घालवतो.

इथे पहिल्या सहा महिन्यांत आम्हाला हेच करायला लावलं. पियानो एक, वाजवणारा एक, माइक तोच, फक्त दर खेपेला वीतभर सरकवायचा. आधी वाटलं, १९४९ पासून चालत आलेला ध्वनिमुद्रणाचा एवढा नावाजलेला अभ्यासक्रम आणि शिकवतात काय, तर स्टँड उचलून इकडून तिकडे ठेवायला. मग सगळे तुकडे एकामागून एक ऐकले. हातोड्यांच्या जवळचा पियानो टकटक करणारा, झाकणाच्या आतला पेटीत कोंडल्यासारखा, आठ फुटांवरचा खरा पियानो. माइकची जात बदलून एवढा फरक पडत नाही, जेवढा त्या आठ फुटांनी पडला.

आणि महागाच्या माइकने माझी फजिती केली ती वेगळीच. एका मुलीचं चेलो रेकॉर्ड करायचं होतं. आमच्याकडे नॉयमनचा यू ८७ आहे, १९६७ साली निघालेला, किंमत लाखांत. असा माइक हातात आलाय तर वापरून घ्यावा म्हणून मी तो चेलोपुढे फूटभरावर लावला. रेकॉर्डिंग ऐकून ती म्हणाली, ‘माझं नाक छान आलंय, चेलो कुठाय?’ खरंच, श्वास, गजाची खरखर, बोटांची घसट, सगळं अगदी लख्ख. वाद्याचा आवाज एका भोकातून बाहेर पडत नाही. खर्ज एकीकडे जातो, टिपेचा सूर दुसरीकडे, आणि काही अंतरावर गेल्यावर ते सगळे एकत्र नांदायला लागतात. मी त्या एकत्र येण्याच्या आत माइक घुसवला होता. तबल्याचंही तसंच. शाईमुळे त्याचे वरचे सूर एकमेकांशी मेळात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं, पण तो मेळ ऐकायचा तर जरा लांबून.

फार लांबही नको. अंतर दुप्पट केलं की वाद्याचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. वाड्यात सात फूट चालले, कारण घुमारा गोड होता. फ्लॅटमध्ये सात फुटांवर न्हाणीघरातला तबला ऐकू येईल.

तर या रविवारी एवढं करा. देवघराचा कोपरा सोडा. खोलीच्या मधोमधही नको, लांबीचा साधारण तिसरा हिस्सा सोडून बसा, तोंड लांबच्या भिंतीकडे. समोरच्या भिंतीवर आणि खिडकीवर गोधड्या टांगा. गोधडी टिपेचा आवाज पिते, खर्जाला ती पुरत नाही, म्हणून तर कोपरा सोडायचा. तबल्यापुढे आजीची घोंगडी अंथरा. मग तुम्ही साधा तीनताल धरा आणि सोनूने एक कान बोटाने बंद करून दुसरा कान माइक समजून तुमच्याभोवती फिरावं. वाकून, उभं राहून, पुढून, बाजूने. जिथे दोन्ही तबले सारखे बोलतील तिथे थांबावं आणि फोन तिथे ठेवावा. माझा अंदाज, जागा दोन्हींच्या मधोमध, समोरून दीड-दोन फुटांवर आणि पुड्यांपेक्षा हातभर उंच निघेल. पण माझ्या अंदाजापेक्षा त्याच्या कानावर विश्वास ठेवा. शेजारचे बघतील तर हसतील, हसू देत.

फोनची एक खोड मात्र सांगून ठेवते. व्हिडिओ कॉलवर तुम्ही तानपुरा लावता आणि मी म्हणते ऐकू येत नाही, तेव्हा तुम्ही चिडता. फोन सतत चालणाऱ्या आवाजाला पंखा समजतो आणि पुसून टाकतो. तानपुरा त्याच्या लेखी पंखाच. म्हणून कॉलवरून कधी ठरवू नका, साधं रेकॉर्डिंग करून पाठवा.

आता त्या चाळीस हजारांबद्दल. तो कंडेन्सर माइक आहे, गाणाऱ्यांसाठी उत्तम. पण माइक एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. त्याला ४८ व्होल्ट पुरवणारा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, लागेल, केबल लागेल, भक्कम स्टँड लागेल. आणि तो इतका तिखट कानाचा असतो की वरच्या मजल्यावरचा मिक्सर, कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षा, सगळं तबल्यासकट देईल. शिवाय अशा एकाच बाजूने ऐकणाऱ्या माइकला डग्ग्याच्या फार जवळ नेलं की खर्ज आणखी फुगतो. घ्यायचाच झाला तर पुढच्या वर्षी, खोली नीट लागल्यावर. त्याची ऐकण्याची तऱ्हा विड्याच्या पानासारखी असते : पुढे आणि बाजूंना पसरलेली, देठाच्या खोबणीत मात्र बहिरी. तो देठ खिडकीकडे करायचा, की अर्ध्या रिक्षा गेल्या.

भजनी मंडळाच्या पेटीसाठीही विचारलं होतंत. पेटीच्या भात्यासमोर माइक लावू नका. भाता श्रोत्यांकडे असतो, त्यामुळे सगळे तिथेच लावतात आणि मग अभंगात लोहार शिरतो. वरून, झाकणाच्या भोकांवर, दीड हातावर लावा. तबल्याला आणि पेटीला वेगळे माइक लावलेत तर माइक आपापल्या वाद्यापासून जेवढा लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन्ही माइकमध्ये ठेवा. आवाज ३४ सेंटीमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. तोच आवाज दोन माइकमध्ये एवढ्या फरकाने पोचला की दोन्ही मिळवताना ५०० हर्ट्झचा सूर स्वतःलाच खाऊन टाकतो, मग १५०० चा, मग २५०० चा. तबला पोकळ लागतो आणि माणूस पुडी बदलत बसतो.

सोनूच्या ढोलपथकाला वेगळं पत्र लिहीत नाही. त्याने मिरवणुकीचं पाठवलं होतं ते फाटलेलं आहे, आणि फाटलेला आवाज मागून शिवता येत नाही. ढोलापासून वीस फूट मागे हो म्हणावं, आणि शक्य झालं तर पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या गॅलरीतून घे. जवळून सगळा ताशाच येतो.

तुम्हीच मला गायिका गौहरजानची गोष्ट सांगितली होतीत. १९०२ साली कलकत्त्यात तिच्या तबकडीचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइक नव्हताच. एक कर्णा, आणि त्यात तोंड घालून गायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ च्या सुमारास. तोवर आवाज लहान-मोठा करायचा तर गाणाऱ्याने पुढे-मागे सरकायचं, दुसरा उपायच नव्हता. चाळीस हजारांआधी तुम्हीही तेवढं करून बघा.

इथे बर्फ पडलाय. आईला सांगा, चिवडा पोचला आणि संपला. सोनूकडून एक हवंय : धान्याची ती कोठी गच्चीवर पडून आहे ना? आईने हट्टाने वाड्यातून आणलेली? ती घरात आणायची नाही, फक्त जमिनीपासून झाकणापर्यंतची उंची मोजून कळवायला सांगा.

तुमची,
मनू

ता. क. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद करा, त्याची घरघर येते. आणि मग तो चालू करायचा राहू नये म्हणून सोनूने गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी. इथे आम्ही सगळे तसंच करतो.