दिग्याच्या हॉस्टाची तब्येत

सेंट पॉल, मिनेसोटा
१४ जून

प्रिय दिग्या,

फोटो मिळाले. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून लिहूनच कळवतो. फोटोतल्या तुझ्या तीन हॉस्टांपैकी, म्हणजे रंगीत पानांसाठी सावलीत लावलेल्या त्या झाडांपैकी, दोन बिनघोर आहेत. तिसरं, पायरीजवळचं 'गोल्ड स्टँडर्ड' जातीचं, त्याचं लक्षण मला ठीक दिसत नाही, व्हायरसचा संशय येतोय. माझं पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला हात लावू नकोस, आणि कात्री तर अजिबात नाही.

आधी बिनघोर दोन. पांढऱ्या काठाचं जे झाड आहे, त्याची पानं वर वळून काठाला चिरली आहेत. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो सावकाश वाढतो. मधला हिरवा भाग मात्र वाढतच राहतो. मग काठ ताणला जातो आणि शेवटी फाटतो. हा त्या जातीचा दोष आहे, रोग नाही. दुसरं 'स्ट्रिपटीज'. त्याच्या मधल्या पिवळ्या पट्ट्याच्या कडेने पांढरी रेघ आहे म्हणून तू घाबरलास. अरे, ती रेघ असते म्हणून तर लोक ते झाड विकत घेतात! (हे नाव तू वहिनींना काय म्हणून सांगितलंस, ते एकदा कळव.)

आता 'गोल्ड स्टँडर्ड'. याचं पान कोवळं असताना हिरवं असतं, मग मधला भाग हळूहळू सोनेरी होतो आणि काठ हिरवा राहतो. म्हणजे मे महिन्यात याच्याकडे बघून काही कळत नाही, जूनमध्ये कळतं. तुझा तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. सोनेरी भागात शिरांच्या बाजूने हिरवा रंग फुटलाय, टीपकागदावर शाई फुटते तसा. इथले लोक याला 'इंक ब्लीड' म्हणतात. नेहमीच्या पट्टेदार हॉस्टात रंगाचे फराटे काठाकडून आत येतात, दोन शिरांच्या मधून सरळ जातात, आणि त्यांची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. व्हायरसमध्ये रंग शिरेपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना पसरतो आणि कड कुरतडल्यासारखी, पुसट राहते. तुझ्या फोटोत मला हा दुसरा प्रकार दिसतोय.

पण फोटोवर निकाल द्यायचा नाही. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत पान उजेडाकडे धरून बघ. तो फुटलेला हिरवा भाग बाकी पानापेक्षा जाड, चुरगळलेला किंवा उंचवट्यासारखा दिसतो का? पोत बदलला असेल तर माझा संशय पक्का होईल. आणि बघून झालं की हात साबणाने धुवून मगच दुसऱ्या हॉस्टाकडे जा. सोवळं पाळतोय असं समज.

या रोगाचं नाव हॉस्टा व्हायरस एक्स. मी राहतो तिथून जवळच, मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल कॅम्पसमध्ये, बेनहॅम लॉकहार्ट या वनस्पतीरोगतज्ज्ञांनी १९९६ मध्ये तो ओळखला. त्याच्या आधीचा प्रकार ऐकलास तर कपाळावर हात मारशील. पानांवर हे डाग, ठिपके, हिरवी-पिवळी नक्षी दिसली की लोकांना वाटायचं, वा, काय नवीन जात निघालीय! मग रीतसर बारसं व्हायचं. 'ब्रेकथ्रू', 'लुनसी', 'लेपर्ड फ्रॉग' अशा नावांनी ही झाडं बाजारात आली, हौशी लोकांनी ती चढ्या भावाने घेतली, ठोंब फोडून एकमेकांना दिली. पुढे कळलं की ती नक्षी म्हणजेच व्हायरस. रोग्याचं कौतुक करून त्याला गावभर फिरवला, म्हण ना. मला त्या लोकांचा राग येत नाही. चट्टेपट्टे म्हणजेच सौंदर्य अशी ज्या झाडाची ख्याती, त्याच्या पानावरचा कुठला चट्टा आजाराचा, हे सांगणार कोण? राग येतो तो त्यानंतरही डोळे झाकून घाऊक माल विकणाऱ्यांचा. मागच्या वर्षी इथल्या एका नर्सरीत मी 'सम अँड सब्स्टन्स' जातीच्या एका पिवळ्याधमक हॉस्टावरचे हिरवे डाग दाखवले, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "हो, हे जरा स्पेशल आहे."

आता तुझा लाडका उपाय. कडुनिंबाचं तेल फवारू का म्हणून तू विचारलंस. तुझ्या डोक्यात अजून काकांच्या भेंडीवरचा केवडा रोग आहे. तिथे ते बरोबर होतं. भेंडीचा व्हायरस पांढरी माशी पसरवते, माशी आवरली की रोगाचा वेग आवरतो. हॉस्टा व्हायरस एक्सला माशी नाही, मावा नाही, कोणी नाही. त्याचा वाहक तू आहेस. आजारी झाडाचा रस निरोगी झाडाच्या जखमेत गेला की झालं. कात्री, सुरी, ठोंब फोडायचं फावडं, फुलांचे दांडे मोडणारी बोटं, आणि कडेचं गवत कापताना पानं उडवणारं तुझं ते यंत्रसुद्धा. तेव्हा फवारणीचे पैसे वाचव.

हा व्हायरस कपटी आहे तो दुसऱ्याच कारणाने. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कधी कधी वर्षं लागतात. पायरीजवळचं झाड डोळ्यांना दिसतंय, त्याची मला फारशी काळजी नाही. त्याच कात्रीने तू ज्यांचे दांडे कापलेस ती हिरवीगार झाडं, त्यांची आहे.

म्हणून टेस्ट करायची. अॅग्डिया नावाच्या कंपनीच्या पट्ट्या मिळतात. पिशवीत द्रव असतो, त्यात संशयित पानाचा छोटा तुकडा घालून बाहेरून चोळायचा, मग पट्टी बुडवायची. कोविडची टेस्ट आपण घरी करायचो, तेच तंत्र. एक रेघ आली तर टेस्ट नीट झाली आणि व्हायरस सापडला नाही, दोन आल्या तर आहे. काही मिनिटांचं काम. तुकडा डाग पडलेल्या भागातून घे, कारण व्हायरस सगळ्या पानांत सारखा पसरलेला नसतो. आणि नुकतीच लागण झालेलं झाड टेस्टमधून निसटूही शकतं. म्हणून शेजारच्या झाडांची टेस्ट यंदा चांगली आली तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करायची. तोवर त्यांचे ठोंब फोडायचे नाहीत.

दोन रेघा आल्या तर झाड वाचत नाही. औषध नाही. मुळांसकट खणून काढ, एकही मूळ मागे राहू देऊ नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाक. तुझ्या त्या कंपोस्टच्या ढिगात नाही, तो कितीही लाडका असला तरी. राहिलेल्या जिवंत मुळातून पुन्हा फूट येते आणि रोगासकट येते. त्या जागी निदान एखादं वर्ष हॉस्टा लावू नकोस. दुसरं काहीही लाव, नेचे लाव, अॅस्टिल्बी लाव. हा व्हायरस हॉस्टाशिवाय बागेतल्या इतर झाडांना लागल्याचं माहीत नाही. अवजारं आधी घासून माती काढ, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडव, नंतर धुवून तेल लाव, नाहीतर गंजतील.

टेस्टमध्ये एकच रेघ आली तरी हुरळून जाऊ नकोस. डाग पाडणारे आणखी व्हायरस आहेत आणि ही पट्टी फक्त एकालाच ओळखते. टोबॅको रॅटल मातीतल्या सूत्रकृमींमुळे, म्हणजे अगदी बारीक जंतांमुळे येतो, इंपेशन्स नेक्रॉटिक स्पॉट फुलकिडे आणतात. मग पान तुमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवायचं.

जाता जाता, गेल्या ऑगस्टमध्ये तू दाखवलेल्या शिरांमधल्या तपकिरी पट्ट्या. ते व्हायरसचं काम नव्हे. पानात राहणारे सूत्रकृमी असावेत. त्यांना पानाच्या जाड शिरा ओलांडता येत नाहीत म्हणून डाग असे सरळ पट्ट्यांत पडतात, आणि उन्हाळा सरता सरता दिसतात. यंदा दिसले तर पान बारीक फाडून काचेच्या पेल्यात पाण्यात टाक आणि दुसऱ्या दिवशी भिंगातून बघ. असतील तर पाण्यात वळवळताना दिसतील. वहिनींचा पेला घेऊ नकोस. ते ओल्या पानांवरून पसरतात, म्हणून पाणी बुडाशी घालत जा.

आणि एक. जुलैत मंडळाच्या सहलीला तू नेहमीप्रमाणे हॉस्टाचे ठोंब वाटणार, असं वहिनी म्हणाल्या. यंदा वाटू नकोस. तुमच्या न्यू जर्सीत एडिसनपासून पार प्रिन्स्टनपर्यंत तुझे ठोंब पोचलेत. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाकुणाला दिलेस ते आठवून ठेव. निकाल वाईट आला तर त्यांना फोन करायला लागेल, आणि तो तूच करायचास, वहिनींच्या गळ्यात घालायचं नाही. वाटायचंच असेल तर कढीपत्त्याची रोपं दे, लोक हॉस्टापेक्षा खूश होतील.

माझ्याकडे पट्ट्यांचा डबा आहे, त्यातल्या काही आज पोस्टात टाकतोय. पायरीजवळच्या झाडाला पहिली लाव, मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना. दर झाडाला नवी पिशवी, नवा हातमोजा. रेघ दिसली की फोटो पाठव, रात्री कितीही वाजले तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या