विषय : कॅरव्हॅन ट्रेलरचे गूजनेक रूपांतर, चुकलेली अलाइनमेंट आणि काढून टाकलेला ब्रेक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ट्रेलर रूपांतर विभाग,
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई

महोदय,

आमचा दोन अ‍ॅक्सलचा कॅरव्हॅन ट्रेलर आपल्या वर्कशॉपने 50 मिमी बॉलच्या ड्रॉबारवरून (पिकअपच्या मागे जोडायच्या ओढदांड्यावरून) काढून पिकअपच्या हौद्यातल्या गूजनेक बॉलवर आणला, म्हणजे ट्रेलरच्या पुढे हंसाच्या मानेसारखा वर वळलेला नेक बसवून तो हौद्यातल्या बॉलला जोडला. बिलावर ‘गूजनेक रूपांतर, अलाइनमेंटसह’ असे लिहिले आहे. ट्रेलर ताब्यात घेतल्यावर केलेली मोजमापे पुढे देत आहोत. सगळी मापे सपाट काँक्रीटवर, ट्रेलर पाचसहा मीटर सरळ पुढे ओढून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोकळे झाल्यावर, स्टीलच्या टेपने आणि ओळंब्याने घेतली आहेत. आपल्या माणसाने येऊन पडताळून पाहावीत.

सर्वांत आधी ब्रेक, कारण बाकीचे दोष गाडी उभी ठेवली तर थांबतात. या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होता. म्हणजे पिकअपचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे ढकलला जातो, कपलरचा (बॉलवर बसणाऱ्या जोडणीचा) दांडा आत सरकतो आणि तोच दांडा केबल ओढून ड्रम ब्रेक लावतो. जुना कपलर कापला तेव्हा ही सगळी यंत्रणा त्याच्यासोबत भंगारात गेली. ब्रेकची केबल आज चॅसिसला बाइंडिंग वायरने बांधलेली आहे. हँडब्रेकचा दांडाही ड्रॉबारवरच होता, तोही गेला. भरल्यावर 2300 किलो होणारा हा ट्रेलर कसलाही ब्रेक नसताना आपण ग्राहकाच्या हवाली केलात. त्याच्या जागी इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, पिकअपमध्ये कंट्रोलर, ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची स्वतंत्र बॅटरी बसवणे हा या कामाचाच भाग होता. ‘ब्रेक कोटेशनमध्ये नव्हता’ हे फोनवरचे उत्तर आम्हाला मान्य नाही. चालू ब्रेक काढून टाकणे तरी कोटेशनमध्ये कुठे होते?

आता अलाइनमेंट. बॉलवरचा भार पुरेसा यावा म्हणून आपण दोन्ही अ‍ॅक्सल मागे सरकवलेत. हे बरोबरच केलेत. ड्रॉबारवर ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार चालतो, गूजनेकवर तो 15 ते 25 टक्के हवा, आणि आमच्या वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे तो 380 किलो, म्हणजे साडेसोळा टक्के आहे. पण हँगर (पाटे चॅसिसला धरणारे ब्रॅकेट) नव्या जागी वेल्ड करताना माप चॅसिसच्या कडेवरून घेतलेले दिसते. जुन्या चॅसिसची कड सरळ असतेच असे नाही. शून्य धरायचा तो कपलरचा मध्य. तिथून ओळंबा सोडायचा आणि प्रत्येक हबच्या (चाक बसते त्या तुंब्याच्या) मध्यापर्यंतची डावी-उजवी मापे जुळवायची. फरक 3 मिमीच्या आत हवा.

पुढच्या अ‍ॅक्सलची मापे डावीकडे 4490 आणि उजवीकडे 4492 मिमी आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. मागच्या अ‍ॅक्सलची 5315 आणि 5326 मिमी. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर डाव्या बाजूला 839 आणि उजव्या बाजूला 848 मिमी भरते, जिथे दीड मिमीहून जास्त फरक चालत नाही. दोन्ही अ‍ॅक्सल सारखेच तिरके असते तर ट्रेलर खेकड्यासारखा थोडा तिरका चालला असता, टायर मात्र वाचले असते. इथे दोन अ‍ॅक्सल एकमेकांशीच समांतर नाहीत. 1800 मिमी रुंदीवर 9 मिमी फरक म्हणजे दर किलोमीटरला दोन अ‍ॅक्सल एकमेकांपासून 5 मीटर बाजूला जाऊ पाहतात, आणि चॅसिस त्यांना जाऊ देत नाही. तेवढे रबर रस्त्यावर घासले जाते. टायरवरून एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला की करवतीचे दात लागतात. हवा कमी-जास्त ठेवल्याने असे होत नाही.

हँगर एका बाजूने टाके मारून लगेच पूर्ण वेल्ड केले की आकसणारे वेल्ड त्यांना ओढून घेते. आधी चारही बाजूंना टाके, मग पुन्हा माप, मग डावी-उजवी आलटून-पालटून छोट्या लांबीचे वेल्ड आणि गार झाल्यावर शेवटचे माप, असा क्रम हवा होता.

ट्रेलर नाक वर करून उभा आहे. 4200 मिमी लांबीच्या चॅसिसचे पुढचे टोक मागच्यापेक्षा 70 मिमी उंच आहे. त्यामुळे पाट्यांमधला इक्वलायझर एका टोकाला टेकला आहे आणि त्याला भार वाटून देता येत नाही : पुढच्या अ‍ॅक्सलवर 830 किलो, मागच्यावर 1090. यावर आपल्या फोरमनने ‘कपलरची पोस्ट (उभा खांब) आत घेऊन नाक खाली करा’ असे सुचवले. ते करू नये. त्यासाठी कपलरजवळ सुमारे 80 मिमी खाली यावे लागते, आणि मग हौद्याच्या कडेपासून नेकच्या तळापर्यंतची आजची 155 मिमी मोकळी जागा 90 वर येते. ती निदान 150 हवी. घोडबंदर रोडच्या एखाद्या खड्ड्यात पिकअप आणि ट्रेलर उलट दिशांना वाकले की नेक हौद्यावर आदळेल. उपाय मागे आहे. हँगरखाली 80 मिमी उंची वाढवली की ट्रेलर समतल होतो आणि मोकळी जागाही थोडी वाढते. मागचे हँगर तसेही कापायचेच आहेत.

नेक पुढच्या आडव्या चॅनेलला नुसता टेकवून वेल्ड केला आहे. तिथे डाव्या बाजूला वेल्डच्या कडेने 40 मिमीची चीर दिसते. बॉल चॅसिसच्या पुढे दीड मीटर आहे, म्हणजे उभ्या गाडीतच 380 किलोचा वाकवणारा जोर 570 किलोग्रॅम-मीटर होतो. ट्रेलरला ब्रेक नसल्याने पिकअपने बेताचा ब्रेक मारला तरी त्यात सुमारे 320 किलोग्रॅम-मीटरची भर पडते, तीही त्याच दिशेने. गतिरोधकाचा धक्का आणखी वेगळा. कॅरव्हॅनचे पातळ चॅनेल ओढ सहन करण्यासाठी बनवलेले असतात, असे वाकवण्यासाठी नव्हे. चिरेवर पुन्हा वेल्ड ओढून चालणार नाही. नेकच्या दोन्ही बाजू मुख्य चॅनेलवरून पहिल्या हँगरपर्यंत मागे न्याव्यात, 8 मिमीचे गसेट (कोपऱ्याला बळकटी देणारे पत्रे) द्यावेत, जोडपट्ट्यांची टोके माशाच्या शेपटीसारखी कापावीत. चॅनेलच्या पंखावर आडवे वेल्ड नको. चीर तिथूनच सुरू होते.

बॉल पिकअपच्या मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलच्या 140 मिमी मागे बसवला आहे. तो बरोबर वर किंवा थोडा पुढे हवा. यामुळे पिकअपची पुढची चाके जेमतेम 17 किलोंनी हलकी होतात, हे मान्य. पण नेकचा पाया पुन्हा खोलणारच आहात, तर बॉल तेव्हाच पुढे घ्या.

कागदपत्रांचेही असेच. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. मंजुरीची कागदपत्रे आपण देणार होतात, हातात आले ते फक्त बिल.

आमची मागणी अशी : ट्रेलर ब्रेकविना रस्त्यावर येणार नाही, म्हणून आपल्या खर्चाने लो-बेड गाडीवर न्यावा. ब्रेक, नेकचा पाया, हँगर आणि बॉल ही कामे वर लिहिल्याप्रमाणे विनामूल्य करावीत, घासलेले चार टायर बदलून द्यावेत. ताबा देताना चारही हबची मापे आणि प्रत्येक अ‍ॅक्सलची वेगवेगळी वजनपावती सहीनिशी द्यावी. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते.

सोबत बिलाची प्रत, वजनकाट्याच्या पावत्या आणि चिरेची, टायरची व केबलची छायाचित्रे जोडली आहेत. माप पडताळायला माणूस पाठवाल तर त्याच्यासोबत स्टीलचा टेप द्या, कापडी नको.

आपले,
ट्रेलरधारक ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)