हिरवा चुडा आणि हिरवा पडदा

महोदय,

घरच्या घरी मोबाइलवर फोटो काढून मागचं बॅकग्राउंड कसं उडवावं, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘हिरवं कापड लावा, काम झालं’ असा त्याचा सूर आहे. रविवार पेठेत 31 वर्षं स्टुडिओ चालवतोय, म्हणून थोडं नाक खुपसतो.

गेल्या वैशाखात एका नवरीचा कटआउट करायचा होता, कार्यालयाच्या दारातल्या फलकासाठी. हाताखालच्या पोराने हौसेने हिरवा पडदा लावला, मीही घाईत पाहिलं नाही. कॉम्प्युटर हिरवं दिसेल ते सगळं उडवतो, पडद्याबरोबर तिचा हिरवा चुडाही गेला! मनगटं गायब, मेंदीचे पंजे हवेत. एकेक बांगडी हाताने परत आणण्यात दोन रात्री गेल्या.

हिरव्या पडद्यामागे कारण आहे, नाही असं नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे निम्मे ठिपके हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्याला पाव-पाव. त्यामुळे हिरव्याचा तपशील जास्त मिळतो, आणि माणसाच्या कातडीपासून तो रंग सहज वेगळा काढता येतो. पण ज्या लग्नात चुडा, पैठणी आणि शालू सगळंच हिरवं, तिथे त्याचा काय उपयोग?

चकचकीत वस्तूंचं तर विचारूच नका. तांबट आळीतल्या एका ओळखीच्या कारागिराने मठारलेल्या बंबाचे फोटो हिरव्या कापडावर काढून आणले होते. तांबं म्हणजे आरसाच. हिरवी झाक कडेकडेने अशी चढली की बंब कळकला आहे असं वाटावं. पांढऱ्यावर काढले तर चमकणाऱ्या कडा पांढऱ्यात विरघळल्या. शेवटी अप्पा बळवंत चौकातून राखाडी कार्डशीट आणलं, ते बंबामागे चार-पाच फुटांवर लावलं आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या. पट्टीचं प्रतिबिंब भांड्याच्या कडेला काळी रेघ होऊन उतरतं. त्या रेघेवरून कापायला मग वेळ लागत नाही.

केसांसाठी मी आधी विचारतो, फोटो शेवटी बसणार कशावर? पांढऱ्या पानावर बसणार असेल तर मागे फिकट राखाडी, गडद फलकावर असेल तर गडद. मोकळ्या बटांत जुना रंग थोडा राहतोच, तो निदान नव्याच्या जवळचा तरी असावा. एका टिचकीत कापणारी ॲपं आली आहेत, पण फेट्याचा तुरा आणि झुब्यामागची फट यांत ती अजून बऱ्याचदा गोंधळतात. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कडांचा लगदा होतो.

पासपोर्टला मात्र पांढरंच बॅकग्राउंड लागतं. तिथे आजोबांनी पांढरा सदरा घालून येऊ नये, एवढंच.

— एक छायाचित्रकार, रविवार पेठ, पुणे